मालवणचं सामान, ऑकलंडचं पाणी

पत्राचा सारांश: पत्र पुण्याहून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई छत्तीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या. नऊ वर्षांपूर्वी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकल्या. तेव्हापासून मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि अंदमान मिळून एकशे चाळीस डाइव्ह झाल्या आहेत. नवऱ्याला ऑकलंडला नोकरी लागली आहे. दोघं आणि सहा वर्षांची मुलगी फेब्रुवारीत कायमचे तिकडे निघाले आहेत. बाईंकडे स्वतःचं पूर्ण साहित्य आहे: रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र), बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट), खोली आणि वेळ मोजणारा कॉम्प्युटर, तीन मिलिमीटरचा वेटसूट, नंबरच्या काचा बसवलेला मास्क, फिन्स, बूट, दोन टॉर्च, कॅमेऱ्याचं हाउसिंग (पाणी न शिरणारी पेटी), पाण्यात खाली जायला अंगावर बांधायचं सहा किलो शिसं आणि अॅल्युमिनियमच्या दोन टाक्या. नवरा पाण्यात उतरत नाही. तो म्हणतो, "सगळं विकून टाक, तिकडे नवीन घेऊ." सामान हलवणारी कंपनी म्हणते, "टाक्यांसकट सगळं कंटेनरमधून जाईल, काळजीच करू नका." सासूबाईंचं मत पहिल्यापासून ठरलेलं आहे: तेवढ्या पैशात सोनं झालं असतं. बाई विचारतात, सगळं न्यावं की सगळं विकावं?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सामानाची यादी डोळ्यांत भरली. दुसऱ्यांदा लक्षात आलं की टाक्यांचा उल्लेख ओझरता आहे, पण "एकदा विकलं की परत घेणं होणार नाही" हे वाक्य तीन वेळा आलंय. त्या वाक्याकडे मी येणार आहे. आधी सामानाचं बघू, कारण फेब्रुवारी जवळ आला.

तुमच्या, नवऱ्याच्या आणि कंपनीच्या तोंडी एकच शब्द आहे, "सगळं". भांडण तिथेच अडकलंय असं मला वाटतं. बदली झाल्यावर घर हलवताना आपण कुकर बरोबर घेतो आणि गॅसचा सिलिंडर एजन्सीला परत करतो. स्वयंपाकघर सगळं न्यायचं की सगळं विकायचं, असा वाद कुणी घालत नाही. डायव्हिंगच्या साहित्याचंही तसंच आहे. त्यातलं काही तुमच्या अंगाचं आहे आणि काही त्या समुद्राचं.

टाक्यांपासून सुरुवात करते, कारण तिथे विचार करायला फारसं काही नाही. विका. तुमच्यासारखी नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी रिकामी असतानाच चौदा किलोच्या आसपास भरते. विमानाने न्यायची तर ती पूर्ण रिकामी लागते. बऱ्याच ठिकाणी वॉल्व्ह काढून, आत डोकावता येईल अशी उघडी दाखवायला सांगतात. पण वजन हे खरं कारण नाही. आपल्याकडे दाबाच्या सिलिंडरवर नागपूरच्या 'पेसो' या सरकारी संस्थेची नजर असते, २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. न्यूझीलंडची मान्यता वेगळी. तिथे टाकीचा आराखडा तिथल्या यंत्रणेने मंजूर केलेला असावा लागतो, तशी खूण टाकीच्या खांद्यावर कोरलेली असते, आणि दाबाची चाचणी मुदतीत झालेली असावी लागते. हवा भरणारा माणूस आधी खांद्यावरचे शिक्के वाचतो. ओळखीचा शिक्का नसेल तर तो टाकी बाजूला ठेवतो, आणि त्याचं बरोबरच आहे. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, तुमच्या टाकीत दोनशे. कंपनी खोटं बोलत नाही, टाक्या कंटेनरमधून जातीलही. पण पोचलेली टाकी आणि भरून मिळणारी टाकी यांत फरक आहे.

हे शहाणपण माझं फजितीतून आलेलं आहे. आम्ही मुंबईहून मस्कतला राहायला गेलो तेव्हा मी हट्टाने एक टाकी कंटेनरमध्ये घातली होती. तिथे ती कुणी भरून देईना. सव्वा वर्ष ती बाल्कनीत उभी होती, ओल्या छत्र्या टेकवायला बरी पडायची. शेवटी एका वेल्डरकडून तिचा तळ कापून घेतला आणि घंटा केली. आवाज छान येतो, पण घंटेच्या भावात फार महाग पडली. त्याच कंटेनरात माझा रेग्युलेटरही होता. निघायच्या गडबडीत तो अर्धवट ओला बांधला गेला. दोन महिन्यांनी पिशवी उघडली तर फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे टाकीला जोडायच्या भागाच्या, तोंडाशी हिरवा कीट चढलेला. मस्कतच्या दुरुस्तीवाल्याने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते.

तर तुमच्या टाक्या आणि शिसं मालवणातच द्या. तिथल्या डाइव्हवाल्यांकडे अशाच टाक्या फिरत असतात. शेवटच्या चाचणीचा कागद बरोबर दिलात तर भावही बरा येईल. सीझन चालू असताना द्या. मे महिना उजाडला की पावसाळ्यासाठी बोटी वर ओढायची घाई सुरू होते, तेव्हा कुणी टाकी विकत घ्यायच्या मनःस्थितीत नसतं. शिसं विमानाने नेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

आता समुद्राकडे येऊ. तुमच्या पत्रात ऑकलंडच्या पाण्याबद्दल एक शब्दही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. हे साहित्य तुम्ही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पाण्यासाठी जमवलंत. तुम्ही पोचाल तेव्हा तिकडे उन्हाळ्याचा शेवट असेल, पाणी वीस-एकवीस अंशांवर असेल. किनाऱ्यावर लोक अर्ध्या चड्डीत फिरताना दिसतील, आणि वाटेल की तीन मिलिमीटरच्या सूटवर भागेल. पहिली पंधरा मिनिटं भागतंही. पाणी अंगातली ऊब हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने ओढून घेतं. तिसाव्या मिनिटाला दात वाजायला लागतात आणि माणूस मासे बघायचे सोडून घड्याळ बघतो. ऑगस्टात तेच पाणी चौदा अंशांपर्यंत उतरतं.

पण त्या पाण्यात आहे काय, हेही बघा. ऑकलंडपासून दीड तासावर ली नावाचं गाव आहे, तिथल्या गोट आयलंडभोवतीचा समुद्र १९७५ पासून राखीव आहे. न्यूझीलंडचं ते पहिलं सागरी अभयारण्य. तिथे गळ टाकायला बंदी आहे, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात थोराड स्नॅपर मासे पायांशी येतात. वर उत्तरेला तुतुकाकाच्या किनाऱ्यासमोर पुअर नाइट्स बेटं आहेत, कमानी आणि गुहांची. त्याच्याही वर मातौरी उपसागरात 'रेनबो वॉरियर' आहे. ग्रीनपीसचं हे जहाज १९८५ च्या जुलैत फ्रेंच हेरांनी ऑकलंड बंदरात सुरुंग लावून बुडवलं. पुढे ते वर काढलं आणि १९८७ मध्ये मुद्दाम इथे समुद्राच्या तळाशी ठेवलं, आणि आता त्याच्या पत्र्यांवर फुलांसारखे दिसणारे रंगीबेरंगी अॅनिमोन वाढलेत. मालवणात तुम्ही पोवळ्यांवरून तरंगता, तिकडे केल्पच्या, म्हणजे उंच समुद्री शेवाळाच्या, जंगलातून वाट काढाल. फिन्सचे पट्टे सैल असले की केल्प त्यांत अडकतं, एवढं लक्षात ठेवा. आणि पाणी कधी गढूळ मिळालं तर तक्रार करणाऱ्यांत तुम्ही नसाल. मालवणने ती तयारी करून घेतलेलीच आहे.

या पाण्याच्या हिशेबाने आता एकेक वस्तू बघू.

मास्क न्या, दोनदा विचार करू नका. नंबरच्या काचा आहेत, चेहऱ्याला बसलेला आहे आणि वजन पाव किलो. कॉम्प्युटरही न्या. फिन्स आणि बूट न्यावेत, तुमच्या पायाला सवय आहे त्यांची.

रेग्युलेटर न्यायचाच, पण त्याआधी तीन गोष्टी बघा. तुमच्या ब्रँडची सर्व्हिस ऑकलंडला होते का, हे तिथल्या दोन दुकानांना ईमेल करून विचारा. सुटे भाग तिथे मिळत नसतील तर कितीही भारी रेग्युलेटर दोन वर्षांत शोभेचा होतो. दुसरं म्हणजे फर्स्ट स्टेजवरची खूण. युरोपीय मानकानुसार बनलेल्या काही रेग्युलेटरवर दहा अंशांपेक्षा जास्त तापमानासाठी असं कोरलेलं असतं. ऑकलंडच्या समुद्रात तो चालेल, पण दक्षिण बेटावरच्या थंड तळ्यांत तोच उतरवायचा नाही. तिथे रेग्युलेटर आतून गोठून हवा धो-धो सोडत सुटू शकतो. तिसरी गोष्ट जोडणीची. टाकीला चापाने अडकवायचा योक आहे की आट्यांनी बसवायचा डीन, हे पत्रात नाही. डीन असेल तर योकचा अॅडॉप्टर पिशवीत टाका, चिमूटभर वस्तू आहे. सर्व्हिस जवळ आली असेल तर इथेच करून घ्या आणि बिल जपून ठेवा. फक्त सर्व्हिसनंतर एकदा तरी ओळखीच्या पाण्यात वापरा, मग बांधा. नुकत्याच उघडून बसवलेल्या रेग्युलेटरची पहिली परीक्षा अनोळखी, थंड पाण्यात नको.

बीसीडीबद्दल मला शंका आहे. विमानप्रवासासाठी बनवलेली हलकी बीसीडी असेल तर आतल्या लेबलवर लिफ्ट किती न्यूटन आहे ते वाचा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. सात मिलिमीटरचा सूट घातलात की आजच्या सहा किलोंच्या जागी दहा-बारा किलो शिसं लागू शकतं. खाली पंचवीस-तीस मीटरवर तो जाड सूट दबून पातळ होतो, त्याची तरंगण्याची ताकद जाते, आणि सगळा भार बीसीडीवर येतो. ती कमी पडत असेल तर इथेच विका. पुरेशी असेल तर न्या.

तीन मिलिमीटरचा सूट मात्र विकू नका. तुम्हाला वाटत असेल की पहिला तोच जाईल. पण वापरलेल्या सूटला गिऱ्हाईक मिळत नाही, तो तुमच्याच अंगाचा झालेला असतो. शिवाय ऑकलंडहून फिजी तीन तासांवर आहे, आणि तिथलं पाणी तुमच्या ओळखीचं, उबदार. न्यूझीलंडचे लोक हिवाळ्यात फिजीलाच पळतात. जाड सूट इथून विकत घेऊन जाऊ नका, तिथेही पहिल्याच आठवड्यात घेऊ नका. आधी भाड्याने दोन-तीन वेगवेगळे घालून बघा. कुणाला सात मिलिमीटर पुरतो, कुणाला आत पाणी न शिरू देणाऱ्या ड्रायसूटशिवाय होत नाही. थंडी हा स्वभाव आहे, ती दुसऱ्याला विचारून कळत नाही.

म्हणजे कंटेनरचा प्रश्न जवळजवळ मिटलाच. टाक्या आणि शिसं गेलं की उरलेलं दहा-बारा किलो एका मोठ्या बॅगेत मावतं. ते विमानाने तुमच्याबरोबर जाऊ दे. रेग्युलेटर, कॉम्प्युटर आणि मास्क हातातल्या सामानात ठेवा. सुरक्षा तपासणीत रेग्युलेटर पाहून कुणी ना कुणी थांबवतं, तेव्हा पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र आहे असं सरळ सांगायचं. चाकू मोठ्या बॅगेत. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून, टोकं झाकून, डबीत घालून हातातल्या सामानात, मोठ्या बॅगेत मुळीच नाही. साध्या टॉर्चची बॅटरी पंधरा-वीस वॉट-तासांची असते, मर्यादा शंभरची आहे, त्यामुळे अडचण नाही. तरी डाइव्ह टॉर्चसाठी विमान कंपनीला आधी विचारून ठेवा, पाण्याबाहेर चालू राहिला तर तो भाजण्याइतका तापतो म्हणून त्याचा नियम वेगळा आहे. कॅमेऱ्याच्या हाउसिंगची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, काढून ठेवा, नाहीतर विमानातल्या कमी दाबानंतर ते उघडताना घाम फुटतो.

आता ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, त्याबद्दल. न्यूझीलंडमध्ये उतरण्याआधी जी घोषणा भरावी लागते, तिच्यात प्राणी, वनस्पती किंवा पाण्याशी संबंधित वापरलेल्या साहित्याचा प्रश्न असतो, आणि त्यात डायव्हिंगचा उल्लेख नावानिशी आहे. तिथे "हो" म्हणा. आपल्याला घरातून शिकवण असते की कस्टमच्या माणसाला जेवढं कमी सांगू तेवढं बरं. इथे उलटं आहे. सांगितलं म्हणजे जप्त झालं, असं नसतं. अधिकारी बॅग उघडायला लावतो, बूट उलटे करून झटकतो, आणि साहित्य स्वच्छ व कोरडं असेल तर परत देतो. न सांगता सापडलात तर जागच्या जागी चारशे डॉलरचा दंड.

हा नुसता सरकारी सोस नाही. २००४ मध्ये दक्षिण बेटावरच्या नदीत डिडिमो नावाचं शेवाळ सापडलं. ते ओल्या साहित्याला चिकटून एका नदीतून दुसरीत जातं, आणि दगडांवर घाणेरड्या लोकरीसारखं पसरतं. २०२१ मध्ये ऑकलंडसमोरच्या ग्रेट बॅरियर बेटाजवळ कॉलेर्पा हे परकं समुद्री शेवाळ आढळलं. त्याचा नखाएवढा तुकडा नांगराला किंवा डायव्हरच्या पिशवीला लागून गेला तरी नव्या जागी रुजतो. म्हणून तिकडे काही खाड्यांमध्ये नांगर टाकायलासुद्धा बंदी घालावी लागली. तुमच्या बुटांच्या शिवणीतली तारकर्लीची रेती तुम्हाला आठवण वाटेल. त्यांना ती तशी वाटणार नाही.

तेव्हा निघण्याआधी किमान आठवडाभर साहित्य धुवायला काढा. गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा. बूट आणि सूटच्या शिवणी भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासा. बीसीडीच्या आतल्या फुग्यात समुद्राचं पाणी साठलेलं असतं हे बरेच जण विसरतात. इन्फ्लेटरमधून, म्हणजे हवा भरायच्या नळीतून, आत गोडं पाणी भरा, हलवा, तळाच्या वॉल्व्हमधून काढा, असं दोन-तीनदा. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा. रेग्युलेटरची टोपी घट्ट लावूनच तो बुडवा. पुण्यातल्या जानेवारीच्या हवेत सगळं तीन-चार दिवसांत खडखडीत वाळतं. ऑकलंडच्या दमट हवेत हे जमणार नाही. आणि कपाटात कुठे पोवळ्याचा तुकडा असेल, अंदमानच्या किनाऱ्यावर "नुसताच पडला होता" म्हणून उचललेला, तर तो न्यायचा नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण पोवळ्यांना आहे, तिकडचे लोक पकडतीलच. आधीच उचलायला नको होता, पण ते आता राहू दे.

कराची धास्ती घेऊ नका. कायम राहायला जाणाऱ्यांनी त्याआधीचे एकवीस महिने न्यूझीलंडबाहेर काढलेले असले आणि वस्तू स्वतःच्या, आधीपासून वापरातल्या असल्या, तर घरगुती सामानावर तिकडे सवलत मिळते. लॉगबुक, सर्टिफिकेशन कार्ड आणि जुनी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. वस्तू जुनी आणि तुमचीच असल्याचा पुरावा त्यातूनच निघतो.

आता ते तीन वेळा लिहिलेलं वाक्य.

तुम्ही हे साहित्य एका दिवसात घेतलेलं नाही. पहिल्या बोनसमधून मास्क आणि फिन्स, मग कॉम्प्युटर, मग रेग्युलेटर, असं करत नऊ वर्षं जमवलंत, आणि प्रत्येक वेळी घरात सोन्याचा विषय निघाला. म्हणजे या बॅगेतली प्रत्येक वस्तू तुम्ही पैसे देऊन घेतलीत, आणि थोडी भांडूनही. पुन्हा ते सगळं करायची तुमची तयारी नाही, आणि ते मला अगदी समजतं. म्हणून नवरा "तिकडे नवीन घेऊ" म्हणतो तेव्हा तुमच्या पोटात गोळा येतो. तो फसवतोय असं नाही. पण "घेऊ" हा मराठीतला फार लवचिक काळ आहे. "बघू", "करू", "घेऊ" यांत तारीख कधीच नसते. पहिल्या वर्षी तिकडे घरभाड्याबरोबर चार आठवड्यांपर्यंतची अनामत द्यावी लागते, गाडी घ्यावी लागते, मुलीचा गणवेश, हिवाळ्याचे कपडे, फ्रीज. या यादीत तुमचा वेटसूट आपोआप वर येणार नाही.

म्हणून वाद सामानावर घालू नका, पैशावर बोला, आणि निघण्यापूर्वी बोला. टाक्या, शिसं आणि कदाचित बीसीडी विकून जे येईल ते घरखर्चात मिसळू देऊ नका. वेगळं ठेवा, त्याला नाव द्या. नवऱ्यासमोर बसून तीनच गोष्टी कागदावर लिहा: जाड सूट, हवी असल्यास बीसीडी, आणि तिथल्या पहिल्या चार डाइव्ह. शेजारी महिना लिहा. "तू मला डायव्हिंग करू देशील का" असा हा विषय मांडूच नका, त्याने तसं कुठे म्हटलेलं नाही. आणि त्याला एक श्रेय द्या. सामान कमी न्यावं हे त्याचं म्हणणं अर्धं बरोबर निघालंय.

पण खरं सांगू? पत्र वाचून मला सामानापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. तुम्ही सहज लिहून गेलात की मालवणला जाता तेव्हा मुलगी आजीकडे असते. म्हणजे ज्या सासूबाई सोन्याचा हिशेब काढतात, त्यांनीच गेली सहा वर्षं तुमचे शनिवार-रविवार सांभाळलेत. तुमच्या साहित्यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू त्याच होत्या, आणि त्या काही बॅगेत येणार नाहीत. पुअर नाइट्सला जायचं तर ऑकलंडहून अडीच-तीन तास गाडी, मग दिवसभर बोट. अख्खा दिवस जातो. तो दिवस मुलगी कुणाकडे? नवरा नव्या नोकरीत दमून आलेला असेल. हे उत्तर आजच ठरवा, नाहीतर साहित्य तिथे पोचेल आणि गॅरेजमध्ये लटकत राहील. सुरुवातीला गोट आयलंडच बरं. तिघंही जा, तो आणि मुलगी उथळ पाण्यात मासे बघतील, तुम्ही दीड तासात वर. आणि निघण्याआधी सासूबाईंना एकदा हे बोलून दाखवा, की तुमच्यामुळे झालं. सोन्याचा विषय बहुतेक पुन्हा निघेल. निघू दे.

दुसरी व्यक्ती म्हणजे बडी, पाण्याखालचा जोडीदार. नऊ वर्षं तुमचा ग्रुप एकच होता. कुणाची हवा लवकर संपते, कोण खाली गेल्यावर भरकटतं, सगळं ठाऊक. तिकडे तुम्ही एकशे चाळीस डाइव्हच्या अनुभवी, पण थंड पाण्यात आणि केल्पमध्ये नवख्या. पहिल्या दोन-तीन डाइव्ह तिथल्या गाइडबरोबर करा, आणि "थंड पाण्यात मी पहिल्यांदा" हे सांगायला लाजू नका. डाइव्ह क्लब गाठा. एक सूचना मालवणच्या माणसांसाठी खास: तिकडे पावा नावाचा शिंपला खडकांवर दिसेल, चविष्ट असतो, पण स्कूबाची टाकी पाठीवर असताना तो काढणं गुन्हा आहे. तिसऱ्या (छोटे शिंपले) गोळा करायची सवय हातांना असली तरी हात आवरा.

न्यूझीलंडऐवजी दुसरीकडे निघालेल्यांसाठी थोडक्यात. आखाती देशांत जाणाऱ्यांनी टाक्या सोडून सगळं न्यावं, तिथलं उन्हाळी पाणी मालवणपेक्षाही कोमट. जर्मनी, नॉर्वे किंवा कॅनडाला जाणाऱ्यांनी रेग्युलेटर थंड पाण्याचा आहे का हे आधी बघावं. नसेल तर इथेच विकावा, आणि ड्रायसूटसाठी पैसे राखावेत. ऑस्ट्रेलियातही जैवसुरक्षेची तपासणी तितकीच कडक. टाकीचा नियम सगळीकडे एकच: अमेरिकेत डीओटीचा शिक्का, कॅनडात टीसीचा, युरोपात पाय या ग्रीक अक्षराचा. नुसता आपला शिक्का तिथे चालत नाही. आणि दोन-तीन वर्षांत परत येणारे असाल तर महागड्या वस्तूंचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट निघतानाच विमानतळावरच्या कस्टमकडून करून घ्या, परत येताना त्यावर शुल्क मागितलं जाणार नाही.

शेवटी, पत्रात तुम्ही लिहिलंय की निघायच्या आदल्या शनिवार-रविवारी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ शेवटची डाइव्ह करायची आहे. करा, पण आदल्या आठवड्यात नको, दोन आठवडे आधी करा, म्हणजे साहित्य वाळायला वेळ मिळेल. डाइव्हनंतर अंगात वायू विरलेला असतो आणि उंचीवरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून सलग काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास थांबा, असं डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही डायव्हरांच्या सुरक्षेची संस्था सांगते. तुम्ही चोवीस धरा. आणि रस्त्याचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. मालवणहून पुण्याला फोंड्याने या, करूळने या किंवा आंबोलीने, घाट चढून सहाशे-सातशे मीटर वर यावंच लागतं. आंबोलीच ६९० मीटरवर आहे. विमानाएवढी उंची नाही, पण दुपारी तिसरी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढायची सवय तुमच्या ग्रुपला असेल, तर या वेळी मोडा. रात्री मालवणातच राहा, लॉजवाल्याकडून दोन बादल्या गोडं पाणी मागून घ्या आणि बूट तिथेच धुवायला सुरुवात करा. सकाळी निघताना टाक्या जिथे द्यायच्यात तिथे उतरवा, चाचणीचे कागद विसरू नका.